रामसेवक अजून वरच होता

ग्रीसचा वास आला की झाशीबाहेरची ती दुपार आठवते. वीज-बांधकाम कंपनीत मी शिकाऊ समन्वयक होते. रेल्वेच्या तारांवरची सगळी माणसं उतरल्याचं मी कळवलं, की वीज सुरू व्हायची. त्या दिवशी आमचा लाइनमन रामसेवक दिसेना.

"सब उतर गए दीदी, बोल दो," मुकादम म्हणाला.

फोनवर साहेब चिडले होते. "अगं, गाडी खोळंबलीय, हो म्हणून टाक!"

"रामसेवकभैया दिसल्याशिवाय नाही, सर." माझा आवाज कापत होता.

तेवढ्यात वळणापलीकडच्या खांबावरून हाक आली, "दीदी, रुकियो! हम अबै ऊपरई हैं!"

ग्रीसनं माखलेल्या हातांनी तो खाली उतरला, तेव्हाच मी साहेबांना 'हो' कळवलं. तेव्हा स्वतःच्या भित्रेपणाची लाज वाटली. आता वाटतं, त्या भित्रेपणानंच त्याला घरी पोचवलं.