वांग्यांना रोज दोनशे लिटर चहा

सरकारी नोकरीत दोन गोष्टी आपोआप साठतात. फायली आणि किस्से. फायली दहा-बारा वर्षांनी रद्दीत तरी जातात, किश्शांना तशी सोय नाही! आमच्या चौघांचे तर इतके साठलेत की सेलूच्या बाजारात आमच्यातले दोघं भेटले, तर भाजी न घेताच घरी जातात आणि मग घरी बोलणी खातात.

हे चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सेलूजवळ शेती खात्याच्या ताब्यात एक बंद पडलेलं जिनिंग होतं. जाड भिंती, वर पत्रे, आत कापसाच्या ढिगांची रिकामी जागा. तिथं गोखले साहेब अधिकारी म्हणून आले आणि त्यांनी आत भाजी लावली. हो, आत! छपराखाली! साहेब पुण्याकडचे. त्यांचं म्हणणं असं की, परभणीचं ऊन रोपाला उभं राहू देत नाही, तर रोपालाच घरात घ्या. छतात मधेमधे उजेडाचे पत्रे बसवले, विटांचे वाफे बांधले, त्यांत माती आणि कंपोस्ट भरलं आणि पहिल्याच दिवशी ताकीद दिली, "या मातीला नांगर नाही, कुदळ नाही, खुरपंसुद्धा नाही. मशागत गांडुळं करतील."

मी तिथला कृषी सहायक. बाबूमियाँ चौकीदार. आणि रोजंदारीवर कौसाबाई. झाले चार. गांडुळं धरली नाहीत, ती कायम नोकरीत होती.

* * *

पहिल्याच वर्षी जिल्ह्याच्या स्टोअरमधून एक लोखंडी नांगर आला. सोबत पत्र, "भाजीपाला केंद्रास औजार मंजूर."

साहेबांनी नांगर परत पाठवला. आठ दिवसांत तो पुन्हा हजर! सोबत दुसरं पत्र, "मंजूर औजार परत घेण्याची तरतूद नाही."

मग तो दाराशी पडून राहिला. बाबूमियाँ त्याच्यावर लुंगी वाळत घालायचे. चार-पाच वर्षांनी पाहणीसाठी एक मोठे अधिकारी आले. पालक पाहिला नाही, वांगी पाहिली नाहीत. नांगरापाशी थांबले, फाळावरनं बोट फिरवलं आणि वहीत शेरा मारला, "इतक्या वर्षांनंतरही नांगर नव्यासारखा. निगा उत्तम. इतर केंद्रांनी आदर्श घ्यावा."

शेरा वाचून दाखवला तर बाबूमियाँ म्हणाले, "लुंगी का नाम बी लिखना था!"

* * *

आता चहाचं. जुनं, मुरलेलं कंपोस्ट चाळून गोणपाटाच्या पोटलीत बांधायचं, पोटली पाण्याच्या ड्रममध्ये टांगायची, गुळाचा खडा टाकायचा आणि दिवसभर पाण्याला हवा द्यायची. दुसऱ्या दिवशी काळसर पाणी तयार. ते रोपांच्या बुडाशी घालायचं. साहेबांच्या इंग्रजी मासिकात याला 'टी' म्हटलेलं होतं. साहेब सरळ माणूस. त्यांनी अहवालात सरळ मराठी केलं, "केंद्रात रोज दोनशे लिटर चहा तयार होतो."

पंधरा दिवसांत वरून विचारणा आली, "केंद्रात कर्मचारी चार. दोनशे लिटर चहा कोण पितं, याचा खुलासा करावा."

साहेबांनी खुलासा केला, "कर्मचारी पीत नाहीत. वांगी पितात."

आम्हाला वाटलं, मिटलं. कसलं काय! पुन्हा पत्र आलं, "वांग्यांना चहा देण्याबाबतच्या शासन निर्णयाची प्रत जोडावी."

साहेबांनी ते पत्र दोन दिवस खिशात वागवलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "लिहा, वांग्यांना विचारून कळवतो."

आणि ते पत्र खरोखर गेलं. त्यावर मात्र आजतागायत उत्तर नाही!

* * *

या चहाला हवा मिळाली नाही की तो सडतो आणि असा वास मारतो की कुत्रंही उभं राहत नाही. म्हणून साहेबांनी माशांच्या टाकीचा विजेवरचा पंप आणला. पण आमच्याकडं वीज पाहुण्यासारखी, आली की चहा-पाणी होईपर्यंतच थांबायची. शेवटी बाबूमियाँनी घरून सायकलचा पंप आणला. नोकरीआधी पूर्णेला स्टेशनाजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. पंपाला लांब नळी जोडून ते स्टुलावर बसले आणि ड्रममध्ये हवा भरू लागले. बुडबुड, बुडबुड.

तेवढ्यात रस्त्यानं एक शेतकरी पंक्चर झालेली सायकल ढकलत आला. पंप दिसला म्हणून आत शिरला. पाण्यात बुडबुडे पाहून त्याला वाटलं, आपल्याच कामाचं ठिकाण.

"चाचा, पंक्चर गावलं का?"

बाबूमियाँनी मान वर केली नाही. "नै मियाँ, सुबू से ढूंड रा हूँ."

शेतकऱ्यानं वाकून ड्रममध्ये पाहिलं. "पर ट्यूब कुठं हाय?"

"वोइच तो नै मिल री!"

"आरं तिच्या!" म्हणत त्या भल्या माणसानं बाही वर सारली, खांद्यापर्यंत हात घातला आणि आमच्या चहात ट्यूब शोधायला लागला!

* * *

कंपोस्टचा ढीग आतून तापतो. किती तापला त्यावर तो कधी पलटायचा ते ठरतं. साहेबांनी त्यासाठी पुण्याहून हातभर लांबीचं थर्मामीटर आणलं होतं. ते मखमलीच्या पेटीत असायचं. त्याला हात लावायची परवानगी फक्त साहेबांना.

कौसाबाईला थर्मामीटर लागत नसे. ती पदर खोचायची आणि ढिगात हात घालायची. साहेब चष्मा लावून आकडा वाचेपर्यंत ही बोलून मोकळी, "तापलंय लय. उद्या पलटू."

आणि आकडाही तेच म्हणायचा. साहेब जरा नाराज व्हायचे.

एक दिवस ढीग पलटताना थर्मामीटर आतच मोडलं. साहेबांचा चेहरा असा झाला की जणू घरातलं माणूस गेलंय. कौसाबाई जवळ गेली आणि म्हणाली, "जाऊ द्या साहेब, त्याला ताप सोसला न्हाई."

नवं थर्मामीटर मागवलं, ते आलं नाही. पण अहवालातला तापमानाचा रकाना रिकामा कसा ठेवायचा? साहेबांनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि लिहायला सुरुवात केली. सोमवार, कोपरापर्यंत सोसवत नाही. गुरुवार, कोपरापर्यंत सोसवतं. रविवार, खांद्यापर्यंत सुखकारक.

वरून विचारणा आली, "हे कोणतं परिमाण?"

साहेबांनी एका शब्दात कळवलं, "कौसाबाई."

* * *

आमच्या पद्धतीत पीक उपटायचं नाही. जमिनीलगत कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची, म्हणजे माती आपोआप भुसभुशीत राहते. कागदावर हे फार छान. पण सेलूच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी मुळ्यांसकट विकतात!

ऐन एप्रिलात, जेव्हा कोथिंबीर औषधाला मिळत नाही, तेव्हा मी आमच्या टोपल्या घेऊन मन्मथअप्पांकडं गेलो. अप्पा भाजीचे जुने व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात पान. त्यांनी जुडी उलटी केली.

"मुळ्या कुठं हायत?"

"मातीत ठेवल्या, अप्पा."

"कामून?"

"गांडुळांसाठी."

"अन् गिऱ्हाइकानं काय करावं? बिनमुळ्याची जुडी म्हंजी बिनमुंडक्याचा मुडदा, वळखावा कसा?"

मी साहेबांना घेऊन आलो. साहेबांनी बाजाराच्या मधोमध उभं राहून अर्धा तास मातीतले बारीक जीव, बुरशीचे धागे, मुळांचं महत्त्व, सगळं समजावलं. अप्पांनी पान चघळत शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "साहेब, तुमचं समदं खरं हाय. आता हेच या बाईला सांगा."

समोर एक बाई पिशवी घेऊन उभी होती. साहेबांनी घसा खाकरला. "हे पाहा ताई, यात मुळं नाहीत, कारण..."

"मुळ्या न्हाईत?" बाईनं जुडी हिसकावलीच. "बरं झालं की माय! निसायचं काम वाचलं!"

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत अप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, "चला, बिनमुळ्याची! फॉरेनची कोथिंबीर!"

* * *

कोथिंबिरीचं नाव झालं. एका वैशाखात जवळच्या गावचे एक मोठे बागायतदार जीप घेऊन आले. मुलीचं लग्न होतं, अख्ख्या तालुक्यात हिरवं पान नव्हतं. मी त्यांना आत नेलं. गारवा, हिरवे वाफे पाहून मालक खूश. एवढ्यात त्यांची नजर ड्रमकडे गेली. कौसाबाई बांबूनं पाणी ढवळत होती. हात कोपरापर्यंत काळे.

मालकांनी मला बाजूला घेतलं. पण आवाज बाजूला घेतला नाही. "हे पाणी भाजीला हीच घालते का?"

"हो."

"दुसऱ्या कुणाच्या हातचं न्हाई का?"

खरं सांगतो, मी खाली पाहिलं. कौसाबाईनं ढवळणं थांबवलं नाही.

"हाय की मालक," ती म्हणाली. "गांडुळाच्या हातचं हाय."

"गांडुळाला हात असतेत का?"

"न्हाईत ना. म्हणून तर त्याची जात कळंना."

मालक तरातरा जीपपर्यंत गेले. जीप सुरू झाली, बंद झाली. ते परत आले आणि तीस जुड्या मागितल्या, माझ्याकडं बघून. मी हललो नाही. एवढं तरी मला त्या दिवशी जमलं. कौसाबाईनं हात धुतले, जुड्या बांधल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या. खाली ठेवल्या नाहीत. धरून उभी राहिली.

मालकांनी हात पुढे केले.

* * *

आणि आता कौसाबाई कायम कशी झाली, तो किस्सा.

गोखले साहेबांची बदली होऊन बराच काळ लोटला होता. रोजंदारीतल्या जुन्या माणसांना कायम करायचं, असा हुकूम आला. परभणीच्या कार्यालयात कागद तपासायला तीन अधिकारी बसले होते. कौसाबाईबरोबर कागद घेऊन मी गेलो. टेबलासमोर एक रिकामी खुर्ची होती, पण कौसाबाईला कुणी बस म्हटलं नाही. ती उभी होती.

कारकुनानं आमचा हजेरीपट उघडला आणि म्हणाला, "यात कौसाबाई नावाचं कुणी नाही."

"असं कसं?" मी म्हणालो.

"कचराबाई आहे."

मी वाकून पाहिलं. खरंच! कुणीतरी पहिल्या वर्षी ऐकण्यात चूक केली असेल, किंवा खताचं काम म्हणून तेच नाव असेल असं धरून चालला असेल. आमच्याकडं पोरं जगत नसली की असलं नाव ठेवतात, म्हणून पुढं कुणालाच खटकलं नाही. नऊ वर्षं तेच नाव उतरत गेलं होतं. आणि प्रत्येक महिन्याच्या खाली सही माझी. न वाचता केलेली.

"रेशनकार्डावर कौसाबाई, हजेरीवर कचराबाई," तिघांच्या मधे बसलेले अध्यक्ष म्हणाले. "माणूस एकच, हे कशावरून? आधी नाव बदलल्याचे कागद आणा. मग बघू."

"म्या बदललं न्हाई, साहेब," कौसाबाई म्हणाली. "तुमच्याच माणसानं बदललं."

"ते खरं असेल. पण पद्धत असते. नामांतराला वेळ लागतो, बाई."

अध्यक्ष बोलून गेले. त्या वर्षांत हा शब्द मराठवाड्यात कुणी सहज तोंडातून काढत नसे. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तेव्हा लोंबकळतच होता. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत कौसाबाईचं गावाकडचं घर जळालं, म्हणून तर ती सेलूला आली होती. अध्यक्षांना हे माहीत नव्हतं. पण ती कुठल्या वस्तीतली, हे त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलेलं होतं. कारकून वर पंख्याकडं पाहू लागला.

"लागू द्या की वेळ," कौसाबाई म्हणाली. "मी बसते."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवले. सकाळी घासून घासून धुतले होते, तरी नखांत कंपोस्ट होतंच.

मी हिय्या करून म्हणालो, "साहेब, सह्या माझ्या आहेत. चूक माझी. माणूस हेच, लिहून देतो." अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्या हातांकडं पाहिलं. मग त्यांनी हजेरीपट ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं, जुन्या नावावर रेघ मारली, वर नवं लिहिलं आणि शेजारी सही केली.

"झालं, बाई. आता काही राहिलं?"

"वाचून दाखवा."

अध्यक्षांनी वाचून दाखवलं.

"जरा मोठ्यानं," कौसाबाई म्हणाली.