शेगडी बघण्याचा कार्यक्रम

कुवेतमध्ये थंडी पडते, हे आपल्याकडे कुणाला म्हणजे कुणाला पटत नाही. अण्णांना, माझ्या वडिलांना, लातूरहून इकडे आणायचं ठरलं तेव्हा मी फोनवर बजावलं होतं, "स्वेटर घ्या." त्यांनी मलाच वेड्यात काढलं. वाळवंटात कसला आलाय स्वेटर, म्हणून स्वारी आली पातळ सदरे आणि बरणीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन. डिसेंबरात वारं सुटलं, गुळगुळीत गार फरशीवर त्यांचा अनवाणी पाय पडला आणि अण्णा म्हणाले, "माझं तिकीट काढ गं. थंडी वाजायलीय."

आई गेल्यापासून अण्णा त्या घरात एकटे. फोन केला की "जेवलो" म्हणायचे, आणि शेजारच्या काकू मागाहून सांगायच्या की चुरमुऱ्यांवर भागवतात. मी इथल्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या न घाबरता हाताळते, पण काकूंचा नंबर दिसला की फोन आधी नवऱ्याच्या हातात देते. आता त्यांना परत एकटं ठेवायचं नाही, काय व्हिसाचे खेटे घालायचे ते घालू, असं ठरवून मी त्यांना आणलं होतं. आणि माणूस म्हणतोय तिकीट काढ!

आम्ही हवल्ली भागात एका जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोल्यांत राहतो. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात फ्रीज. विजेचा हीटर आणून पाहिला, तर गीझर लावला की मेनचं बटण पडायचं, आणि अण्णांचं नाक कोरडं पडायचं ते वेगळंच. मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजोबा, जस्ट वेअर माय हुडी." अण्णांनी बिचाऱ्यांनी घातलीही. टोपी डोक्यावर ओढून सोफ्यावर बसले, आणि पाठीवर ओठ रंगवलेल्या परदेशी पोरांचा फोटो. हसावं की रडावं मला कळेना.

मार्ग काढला तो खाली राहणाऱ्या घरमालकाने. त्याने अण्णांना जिन्यात कुडकुडताना पाहिलं. तो दर हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकतो आणि त्यात लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी लावतो, धुराचा पाइप बाहेर काढून. तुमच्याकडे भिंतीत जुन्या एसीचं भोक आहेच, पाइप तिथून काढा, म्हणाला. घरमालक आपण होऊन परवानगी देतो, हे ऐकून ओळखीतल्या अर्ध्या लोकांना मी थापा मारतेय असं वाटलं.

शेगडी निवडण्याचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं, तिथेच घोडं अडलं. नवरा बँकेत, आयटीत. त्याला वस्तू घ्यायची नसते, वस्तूची चौकशी करायची असते. मागे मिक्सर घेताना त्याने इतकी चौकशी केली की त्या कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. त्याने शेगडीची बातमी मित्रमंडळात सोडली आणि शुक्रवारच्या सुट्टीला सगळी तज्ज्ञ समिती आमच्या गच्चीवर हजर झाली.

भूल देणारे एक डॉक्टर आले. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता, बंद खोलीतल्या धुराने माणूस झोपेतल्या झोपेत कसा जातो, ते त्यांनी चवीने सांगितलं. अबू हलीफाहून एक अकाउंटंट आले. हे गृहस्थ मी ओळखते तेव्हापासून पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परत जातायत, त्यामुळे सोफासुद्धा विकण्याच्या बेतानेच घेतात. त्यांचा एकच प्रश्न, "नंतर ही घेणार कोण?" आणि तिसरे कोकणातले एक्स-रेवाले. "थंडी? ही काय थंडी? नसती थेरं!" असं म्हणून कानटोपीत तोंड खुपसून ते भज्यांची वाट बघत बसले.

मग सुरू झाला बघण्याचा कार्यक्रम. दर शुक्रवारी ही वरात तंबूचं सामान विकणाऱ्या दुकानांत जायची, अण्णांना पुढच्या सीटवर बसवून. पहिल्याच दुकानात अण्णा म्हणाले, "ह्यो तर बंब! पाणी कुठनं घालायचं?" सगळे खो खो हसले. पण अण्णांची उभी हयात एसटीच्या कार्यशाळेत गेलेली. त्यांनी शेगडीचं दार उघडलं, सांध्यावर बोट फिरवलं, बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं. आवाज बद्द आला. "जोड कच्चा आहे. पक्का असला की खणखणीत वाजतो," म्हणाले. समितीने माना डोलावल्या आणि दुकानदाराचा चहा पिऊन सगळे परत आले.

त्यानंतर अण्णांनी वाजवल्याशिवाय शेगडी पसंत करायची नाही, असं ठरलं. एकीचे पाय बारीक निघाले, एकीचं दार तिरकं, एक आमच्या खोलीला फार लठ्ठ. नकार द्यायला काही ना काही सापडायचंच. संध्याकाळी गच्चीवर त्यावर वाद, वादाबरोबर भजी, भज्यांबरोबर चहा, आणि ते करायला मी! खाली घरमालकाच्या दिवाणखान्यात पुरुषांचा अड्डा भरायचा आणि वर आमचा. मधल्या वारीही फोन यायचे, नवऱ्याला नाही, अण्णांना. "अण्णा, एक दिसलीय, फोटो पाठवतो." अण्णा सकाळीच दाढी करून, चष्मा पुसून तयार.

जानेवारी निम्मा सरला तरी घर गारच. माझं डोकं फिरलं. "अरे, माझा बाप गारठून चाललाय आणि तुम्ही शेगडीचे पाय कसले मोजताय!" असं म्हणून एका मधल्या वारी रजा काढून मी एकटीच गेले आणि समोर दिसली ती शेगडी उचलून आणली. घरमालकाने माणूस लावून पाइप बसवून दिला, लाकडंही दिली. लाकूड हातात घेऊन अण्णा म्हणाले, "ही तर आपली बाभूळ की!" शेगडी मात्र वाजवून पाहिली नाही.

शुक्रवारी समिती आली. शेगडीभोवती बसली, तळवे शेकले, छान आहे म्हणाली. डॉक्टरांनी धूर कोंडला की वाजणारा भोंगा भिंतीवर लावून दिला आणि खिडकी किलकिली ठेवायची शपथ घातली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कुणीच आलं नाही. कशाला येतील? शेगडी तर घेऊन झाली होती. नवऱ्याने नव्या टीव्हीची चौकशी सुरू केली, तीही आपल्या खोलीत बसून.

एक दिवस मी दुपारी ड्यूटीवरून घरी आले. घर अजून मस्त उबदार. मुलीची हुडी घडी करून खुर्चीवर ठेवलेली, आणि अण्णांची बॅग पलंगाखालून बाहेर काढलेली.

"तिकीट काढ," अण्णा म्हणाले.

"अहो, आता कुठे वाजतेय थंडी?"

"थंडी न्हाई गं. घर झ्याक गरम झालंय." ते शेगडीकडे बघत होते. "पण दिवसभर हिच्याशी किती बोलावं माणसानं?"

मी लाकूड सारायच्या निमित्ताने शेगडीपाशी जाऊन बसले. विस्तव केव्हाच विझला होता. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"अण्णा," मी मागे न वळताच म्हटलं, "या दाराचा जोड मला बरोबर वाटत नाही."

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्याशेजारी येऊन वाकले. सांध्यावर बोट फिरवलं, पेराने टकटक केलं. आवाज खणखणीत आला. आम्ही दोघांनीही ऐकला.

"कच्चा आहे," अण्णा म्हणाले.

"मग बदलायला हवी."

"बदलायलाच पाहिजे. पर हे एकट्यानं ठरवायचं काम न्हाई. मागं तू तेच केलंस." आणि पायानेच बॅग पलंगाखाली सारत ते म्हणाले, "शुक्रवारी बोलाव समद्यांना. त्या कोकणातल्याला आधी सांग, त्यो उशिरा येतो."