दर चौथं घर

निवृत्तीनानांनी एकतीस वर्षं नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात माल नापास करण्याचा पगार घेतला. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. गाड्यांचे सुटे भाग बाहेरून बनून यायचे आणि ते ठेवायचे की परत धाडायचे, हे नाना ठरवायचे. हातात मापाचं गेज, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर संशय. कारखान्यात त्यांना रिजेक्टनाना म्हणत. निवृत्त झाल्यावर पेन्सिल गेली, संशय तेवढा राहिला. अजूनही भेंडी घेताना ते वरची बाजूला सारून पाटीच्या तळाला हात घालतात. भाजीवाला चिडतो आणि लताबाई, म्हणजे त्यांची बायको, हा माणूस आपल्या ओळखीचा नाही अशा थाटात चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहतात.

मी त्यांच्या समोर राहते. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, म्हणून सिडकोतली आमची सगळी कॉलनी मला बाई म्हणते. दुसऱ्यांच्या घरात डोकावायची मला खोड आहे, हे आधीच कबूल करते. म्हणजे पुढचं सगळं हिला कसं ठाऊक, असा प्रश्न कुणाला पडायला नको.

गोष्ट दोन हजार बावीसच्या जुलैतली. करोनाची तिसरी लस, ज्याला सगळे बूस्टर म्हणत होते, ती आम्हा म्हाताऱ्यांना फुकट मिळत होती. मी केव्हाच घेऊन मोकळी झाले होते. नानांनी घेतली नव्हती. त्याचं मला काही वाटलं नसतं, पण नाना अडले की लताबाई अडत. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये त्या अठरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या, पण एक जिना चढल्या तरी धाप लागायची. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, बूस्टर लांबवू नका. आणि लताबाईंचं एकच पालुपद, ह्यांनी घेतली की मी घेईन. चाळीस वर्षांत ही बाई एकटी माहेरी गेली नाही, सुई टोचून घ्यायला काय जाणार. इकडे कॉलनीत पुन्हा ताप-खोकल्याची घरं वाढायला लागली होती. मला लताबाईंची काळजी वाटत होती आणि नानांचा, स्पष्टच सांगते, राग येत होता.

नानांचं म्हणणं असं, की दोन डोसात काम भागेल असं आधी सांगितलं, मग तिसरा कुठून आला? मध्येच मोजमाप बदलणारा पुरवठादार त्यांच्या नजरेत कायमचा उतरायचा. आणि सांगणारे कोण? पुढारी. आमच्या भागाचा माजी नगरसेवक रविराज, ज्याला सगळे दादा म्हणतात, त्याने चौकात लसीचा मंडप टाकला होता. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. मंडपात लस एका कोपऱ्यात आणि दादाचे फोटो चारी बाजूंना. लस घेतली की दादाच्या शेजारी उभं राहून फोटो, मग तो फोटो व्हॉट्सअॅपवर. महापालिकेचा दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर, तर तिथल्या फाटकावरही दादाचा फ्लेक्स. नाना म्हणायचे, ज्या मालावर याचं लेबल, तो मी घेत नाही.

एका सकाळी मी त्यांना चांगलंच सुनावलं. म्हटलं, तुम्हाला कोणाचंच पटत नाही तर स्वतः तपासा, पण त्या बाईला ताटकळत ठेवू नका. दुपारी नाना कंपनीतली जुनी डायरी घेऊन माझ्या दारात हजर.

साठीच्या वरचं माणूस असलेली चौऱ्याऐंशी घरं त्यांनी मोजून काढली होती. त्यातलं दर चौथं घर घ्यायचं, म्हणजे एकवीस. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, घेतली का, कुठे घेतली, काय त्रास झाला, आणि नसेल घेतली तर का. मी म्हटलं, आपल्या ओळखीचे दहाजण गाठू, काम लवकर आटपेल. तर म्हणाले, "स्वतःहून पुढे येतो तो नग घ्यायचा नाही, बाई. पुरवठादार चांगला माल वरच ठेवतो." एकटा पुरुष दारात आला की बायका बोलत नाहीत, म्हणून मी सोबत हवी होते. मला तेवढंच निमित्त पुरलं.

चार दिवस आम्ही छत्र्या घेऊन हिंडलो. मला वाटलं होतं लसीबद्दल कळेल, कळलं माणसांबद्दल. एका आजोबांनी लस घेतली होती कारण दवाखान्यातली नर्स गोड बोलते. एका आजींनी घरात कुणाला न सांगता घेतली होती, आणि आम्हालाही आवाज खाली करून सांगितलं. बहुतेकांना एक दिवस अंग मोडून आलं, दंड दुखला, संपलं. रिक्षावाला सोमा मात्र सापडला. दादाच्या शेजारी बाही वर करून उभा असलेला त्याचा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. नानांनी तारीख विचारल्यावर तो खजील झाला. फोटो आधी काढून घेतला होता आणि लस घ्यायच्या आधीच तो सटकला होता. फोटोची एवढी घाई असणाऱ्यांच्या सुईवर भरवसा कसा ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. नानांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

विसावं घर होतं अंबूबाईंचं. अंबूबाई म्हणजे रविराजची आई. दादा केव्हाच गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, म्हातारी मात्र जुन्या बैठ्या घरातून हलली नाही. मी म्हटलं, हे घर सोडा, पुढचं घेऊ. नानांनी मान हलवली. नमुना बदलायचा नसतो, म्हणाले.

अंबूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. येवल्याकडच्या एका खेड्यातल्या त्या, ऐंशीच्या आसपासच्या. आम्हाला पाहताच विचारलं, रवीनं धाडलं का. नाही म्हटल्यावर चेहरा सैल झाला आणि पाट पुढे आला.

नानांनी पहिला प्रश्न विचारला. उत्तर आलं, "नाय घेतली."

मी आणि नाना एकमेकांकडे बघत राहिलो. अख्ख्या वॉर्डाला टोचत सुटलेल्या माणसाची आई, आणि तिनेच घेतली नव्हती. हे बाहेर फुटलं असतं तर मंडप दुसऱ्या दिवशी ओस पडला असता. लसीतच काहीतरी काळंबेरं आहे, नाहीतर स्वतःच्या आईला दिली नसती का, असं लोक बोलले असते. क्षणभर मलाही तसंच वाटलं. नानांनी मात्र शांतपणे पुढचा रकाना काढला आणि कारण विचारलं.

"त्यानं सांगितलं म्हणून," अंबूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. पंधरवड्यापूर्वी रविराज आला होता, बरोबर तिघे जण, एकाच्या हातात कॅमेरा. आईच्या पाया पडला, बूस्टर घे म्हणाला, म्हातारी माणसं जपली पाहिजेत म्हणाला. "बरंच असंल औषध, मी वाईट कुठं म्हनते. पन तो बोलत माझ्याशी व्हता आन् बघत कॅमेऱ्याकडं व्हता. आईशी बोलताना बी ज्याचं ध्यान दुसरीकडं, त्याचं कसं ऐकावं?"

नाना लिहायचे थांबले होते. अंबूबाईंनी लसणाची पाकळी टोपलीत टाकली आणि विचारलं, "तुमी घेतली का?"

वीस घरं झाली, हा प्रश्न नानांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मग लोकांना काय विचारत फिरता, असं अंबूबाईंनी म्हटलं, आणि मला हसू आवरेना. कुणाचा राग धरलाय, हा पुढचा प्रश्न. नानांनी डायरी मिटली.

"तुमच्या रवीचा."

मला वाटलं, आता म्हातारी उठून आत जाणार. पण त्यांनी नुसतं नानांकडे नीट बघितलं. का, ते विचारलं नाही. "मंग आपलं दोघांचं दुखनं एकच हाय," त्या म्हणाल्या. "औषधाला काय झालंय?"

शेवटचं एकविसावं घर उरकून आम्ही परतलो. फाटकाशी थांबून नानांनी हिशेब सांगितला. पंधरांनी घेतली होती, सहांनी नव्हती. सहाच्या सहा ठिकाणी कारणात माणसाचं नाव निघालं होतं, लसीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. "माल नापास नाही, बाई. आणणारा नापास आहे. एकतीस वर्षांत ही चूक मी कधी केली नव्हती." असं म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाची रिक्षा दारात. आत लताबाई इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या, शेजारी अंबूबाई. नाना पुढे सोमाला चिकटून. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी जागा करून बसले. दवाखान्याच्या फाटकाशी अंबूबाईंनी मान वर करून फ्लेक्स बघितला आणि एवढे काळे केस त्याला धाव्वीत बी नव्हते, असं शेरा मारल्यासारखं म्हणाल्या.

आत अंजली नावाची नर्स होती. नानांनी तिला बाटली दाखवायला सांगितली, तारीख वाचली, फ्रिजचा काटा किती अंशावर आहे ते विचारलं. तिने न कुरकुरता सगळं दाखवलं. नानांचा चेहरा मी ओळखते, माल पास झाला होता. सोमाचंही नाव लिहून झालं. मग अंबूबाईंची पाळी आली आणि गाडी अडली. आधीचे डोस ज्या मोबाइलवर नोंदवले तो नंबर हवा होता. तो रविराजचा. अंबूबाईंना पाठ नव्हता. त्यांचा फोन घरी, त्यात एकचं बटण दाबलं की रवीला लागतो, एवढंच त्यांना माहीत. मी बाहेर जाऊन फ्लेक्सवर बघून आले, तर तिथे ऑफिसचा नंबर, तो चालेना. अंजली म्हणाली, घरी जाऊन फोन घेऊन या.

तेव्हा नानांनी हळू आवाजात दहा आकडे सांगितले. कुठेही न बघता, न अडखळता. अंजलीने ते टाकले आणि अंबूबाईंचं नाव समोर आलं.

मला राहवलं नाही. विचारलं, तुम्हाला हा नंबर पाठ कसा? नाना भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. उत्तर लताबाईंनी दिलं.

"मागच्या वर्षी एप्रिलात मला बेड मिळत नव्हता ना, तेव्हा सकाळपासून हे हाच नंबर लावत होते. मी पडल्या पडल्या मोजत होते. मला दुसरं काय करता येत होतं? एकसष्ट वेळा."

"आन् त्यानं?" अंबूबाईंनी विचारलं.

"नाही उचलला."

बेड शेवटी कंपनीतल्या एका जुन्या स्टोअरकीपरने मिळवून दिला, असं लताबाईंनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी समोर राहते, यांच्या घरात कोणती भाजी शिजते ते मला कळतं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. नानांवर काढलेला सगळा राग माझा मलाच बोचला.

अंबूबाई खाली बघत होत्या. पदर तोंडाशी गेला, परत खाली आला. मग त्या उठल्या, लताबाईंच्या दंडाला धरून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि अंजलीला म्हणाल्या, आधी हिला द्या. लताबाईंनी नानांकडे बघितलं. नानांनी बाही वर केली आणि पलीकडच्या स्टुलावर बसले. असं चाळीस वर्षांचा रिवाज न मोडता दोघांना एकदमच सुई टोचली गेली.

स्वतःची लस झाल्यावर अंबूबाईंनी अंजलीला रवीचा नंबर काढून टाकायला सांगितलं. तो काँप्युटरातून इथे काढता येत नाही, पण त्रास झाला तर कोणाला कळवायचं याची वही आहे, त्यात दुसरा लिहिते, असं ती म्हणाली.

"यांचा लिवा," अंबूबाई नानांकडे बोट करून म्हणाल्या. आणि नानांना विचारलं, "उचलाल ना?"

नानांनी मान हलवली. डायरीचं पान फाडून मोठ्या आकड्यांत स्वतःचा नंबर लिहिला आणि त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी मी मुगाची खिचडी घेऊन समोर गेले. लताबाईंना थोडी कणकण होती, नाना त्यांच्या उशाशी बसले होते. एवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. नाना एरवी अनोळखी फोन चौथ्या रिंगपर्यंत नुसता न्याहाळत बसतात. आज पहिल्या रिंगला उचलला. हो, बोला, बरं, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

"अंबूबाई होत्या," ते म्हणाले. "काही नको आहे. उचलतो का, ते बघत होत्या."

लताबाई म्हणाल्या, नंबर सेव्ह करून ठेवा.

"नको," नाना म्हणाले. "पाठ होईल."