नीलगिरीची लिली, डोंबिवली पूर्व

"लेट आहे, रद्द नाही!"

सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत असले की खालून ही आरोळी यायची. काका कुंडीपुढे उकिडवे बसलेले असायचे. बोटाने माती जराशी बाजूला करून आत बघायचे आणि कोंब दिसला नाही की अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं जाहीर करायचे. नोकरी सगळी ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोत झालेली, कंट्रोलर म्हणून. रिटायर झाल्यावर माईक तिथेच राहिला, आवाज मात्र घरी आला.

तळमजल्यावरच्या त्यांच्या घरामागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जागेचा एक पट्टा होता. तिथे काकांच्या लिल्या. तुम्ही म्हणाल, लिलीचं काय एवढं, कुठल्याही नर्सरीत मिळते. हे काकांसमोर बोलून बघायला हवं होतं तुम्ही! मी एकदा बोललेले. त्यांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं आणि माझा चहा गार होईपर्यंत सोडलं नाही.

"नर्सरीतली माणसाने जुळवलेली असते, मॅनेजर. मला मूळ जात हवी. डोंगरात देवाने लावली, तश्शी."

मी बँकेत साधी क्लार्क. पण काकांनी मला पहिल्या दिवसापासून मॅनेजर करून टाकलेलं.

हा मूळ जातींचा खजिना त्यांच्याकडे आला कसा, तर एसटीने. जव्हारचा ड्रायव्हर, म्हसळ्याचा कंडक्टर, महाबळेश्वरला मुक्कामाला जाणारी गाडी, सगळ्यांना काकांनी कामाला लावलेलं. घाटात, माळावर रानलिली दिसली की बी सुकेपर्यंत थांबायचं आणि मग कागदात बांधून आणायचं. फक्त बी. "कांदा उपटून आणलात तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही," ही ताकीद. रिटायर झाल्यावरसुद्धा पुड्या येतच राहिल्या. चुन्याच्या डबीतून, तिकिटाच्या कागदातून, एकदा तर चक्क टिफिनमधून, लोणच्याच्या वासासकट.

भिंतीवर कळलावी चढलेली होती. आमच्या बिल्डिंगमधल्या कोकणातल्या बायका गौरीसाठी तिची फुलं न्यायला यायच्या. काका हौसेने तोडून द्यायचे, पण तिच्या कुंडीवर त्यांनी लाल रंगाने फुली मारून ठेवलेली. "फूल देवीचं, कंद यमाचा. हात लावायचा नाही." ती कुंडी घराच्या आत कधी आली नाही.

काकू कपाळाला हात लावायच्या. "बाकीच्यांच्या दारात मोगरा असतो, जास्वंद असते. आमच्याकडे काय, तर माती! वर्षभर मातीच बघायची!" त्यावर काकांचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आता त्या एका लिलीची गोष्ट. कुठल्याशा ड्रायव्हरच्या ओळखीतून काकांची उटीकडच्या एका रिटायर मास्तरांशी फोनवर दोस्ती जमलेली. दोघांचंही हिंदी असं, की ऐकणाऱ्याने पदर तोंडाला लावावा. पण लिलीचं त्यांना बरोबर कळायचं. मास्तरांनी नीलगिरीच्या डोंगरातल्या लिलीचं बी पाठवलं. पांढरं, लांबलचक कर्ण्यासारखं फूल, आणि सुगंध असा की वाट चुकलेला माणूस वासावरून घरी येईल, असं मास्तर म्हणालेले. हे फूल एकदा तरी स्वतःच्या दारात बघायचं, काकांनी ध्यासच घेतला.

बी रुजलं. गवताच्या पात्यासारखं पान आलं, गेलं, पुन्हा आलं. वर्षं गेली. शेवटी जमिनीत तीन कांदे तयार झाले, नीट, पांढरे, पाकळ्यापाकळ्यांचे. पण डोंबिवलीत नीलगिरीची थंडी आणायची कुठून? काका म्हणाले, "फ्रीज कशाला आहे?" हिवाळ्यात कांदे काढून भुश्शात घालून डब्यात ठेवले आणि डबा गेला भाजीच्या कप्प्यात.

त्याच सुमारास काकूंना ताप आला आणि विठ्ठलवाडीहून विहीणबाई मदतीला आल्या. मुलाच्या सासूबाई. बाई प्रेमळ, हाताला चव, आणि कामाचा उरक तर विचारू नका. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. फ्रीज धुऊन काढला. दुपारी मी काकूंना बघायला गेले, तर मलाही काकांशेजारी पानावर बसवलं. गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि चटणी.

"लसूण केवढा मोठा हो तुमच्याकडचा!" विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "भुश्शात ठेवलेला. मी दोनच गड्डे घेतले. वास कमी आहे, म्हणून मिरची जास्त घातली."

माझा घास हातातच राहिला. काकू अंथरुणातून उठून बसल्या. मी काकांकडे बघितलं. आवाजाचा एवढा मोठा माणूस, आता भिंती हादरणार असं मला वाटलं. पण समोर विहीणबाई! विहिणीला कोण बोलणार, आणि तीही दुखण्यात धावून आलेली? काकांनी चटणीला बोट लावलं, चाखलं.

"झकास झालीय," ते म्हणाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगंबाई, तिखट झाली का हो?"

"जरा झाली," काका म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

त्यांच्या मागे मी अंगणात गेले. म्हटलं, काका, आपल्याला काही होणार नाही ना? "नाही. हे कांदे खातात लोक, मी वाचलंय," ते म्हणाले. आणि मग हळूच, "विहीणबाईंना कुणी सांगायचं नाही. काय?" आम्ही कुणीच नाही सांगितलं. मला मात्र त्या माणसाचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

राहिला एक कांदा. काकांनी तो जपला की काय जपला! जूनमध्ये कोंब आला, कमरेएवढा वाढला आणि गणपतीच्या दिवसांत त्याला कळी दिसली. काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. एकच कळी, पण रोज वाढायची. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे खालून हाक आली, "मॅनेजर! गाडी लागली!"

मी केस न विंचरता खाली पळाले. अहो, काय फूल होतं! वितीपेक्षा लांब, दुधासारखं, आणि वास थेट जिन्यापर्यंत. काकू नुसत्या बघत उभ्या होत्या. "एवढं छान असतं, तर आधी नाही का सांगायचं!" त्या म्हणाल्या. काका हसता हसता खोकायला लागले आणि खोकता खोकता खाली बसले. हृदयाचं दुखणं त्यांना तेव्हा लागलेलं होतंच. डॉक्टरांनी जिना, प्रवास, सगळं बंद केलेलं.

बसल्या जागीच त्यांनी खरी अडचण सांगितली. या लिलीला स्वतःच्या परागाने बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग हवा. आणि दुसरी झाडं तर आपण भाकरीबरोबर खाल्लेली! फूल कोमेजायच्या आत पराग मिळाला तर बी, नाहीतर हा म्हातारा कांदा कुजला की संपलं.

मास्तरांना फोन गेला. त्यांच्याकडे फूल होतं. कुरिअर काकांनी धुडकावलं. "ड्रायव्हर तो ड्रायव्हर!" पराग निघाला, काडेपेटीत, बटरपेपरमध्ये. उटीहून बंगळूर, बंगळूरहून कोल्हापूर, कोल्हापूरहून ठाणे. या हातातून त्या हातात. माझी बँक ठाण्यातच, म्हणून खोपटला जाऊन काडेपेटी घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी हाफ डे टाकून डेपोत उभी. कोल्हापूरची गाडी येईना. घाटात ट्रॅफिक, गणपतीची परतीची गर्दी. काकांचा फोनवर फोन. "पाकळीची कड पिवळी पडतेय गं," ते म्हणाले, आणि आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.  मग मीच फलाटावर ओरडले, "काका, लेट आहे, रद्द नाही!" आजूबाजूचे प्रवासी वळून बघायला लागले. बघू देत!

गाडी आली. ड्रायव्हरने खिशातून काडेपेटी काढून दिली आणि म्हणाला, "साहेबांना नमस्कार सांगा." मी रिक्षा पकडली. शिळफाट्याला सगळं ठप्प. रिक्षावाल्याने आरशातून माझा चेहरा बघितला. "मॅडम, हॉस्पिटलचं अर्जंट आहे का?" म्हटलं, "बाळंतपणच समज, भाऊ." मग त्याने कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून रिक्षा काढली, ते त्याचं त्यालाच माहीत.

पोचले तेव्हा काका कुंडीशेजारी खुर्चीत बसलेले. काडेपेटी उघडली. तपकिरी भुकटी जागेवर होती. काकांनी काडीला कापूस गुंडाळला, त्यावर पराग टिपला. त्यांनी काडी काकूंकडे दिली.

"तू लाव."

"मी? मला काय येतंय त्यातलं!"

"कुंकू लावतेस ना? तसं."

काकूंनी श्वास रोखून फुलाच्या मधल्या टोकाला अलगद कापूस टेकवला. काकांनी टाळ्या वाजवल्या, लहान मुलासारख्या. मी पण वाजवल्या.

शेंग धरली. चांगली टपोरी, हिरवी. काकांनी ती पाहिली, रोज पाहिली. पिकताना मात्र पाहिली नाही. दिवाळीच्या आधीच ते गेले. दिवसांना जव्हारपासूनचे ड्रायव्हर आलेले, खाकी कपड्यांतच, ड्युटीवरून. मी खूप रडले. अजूनही सकाळी गॅलरीत गेले की खालची शांतता मला सहन होत नाही.

शेंग फुटून बी उडू नये म्हणून काकूंनी तिच्यावर मलमलचा तुकडा बांधला. वाळल्यावर पापडाच्या कणीसारख्या बिया निघाल्या. अर्ध्या त्यांनी ड्रायव्हरांच्या हाती मास्तरांकडे पाठवल्या आणि अर्ध्या पसरट कुंडीत पेरल्या. कुणी शिकवलं नव्हतं, इतकी वर्षं नावं ठेवता ठेवता बघितलेलं सगळं. मग रोज सकाळी कुंडीपुढे बसायच्या. चष्मा पुसायच्या, बघायच्या, उठायच्या. 

परवा मी कपडे वाळत घालत होते. काकू खाली वाकलेल्या. एकदम ताठ झाल्या आणि घराच्या दाराकडे वळून ओरडल्या, "अहो, लवकर या! आलं बघा, आलं!"

आणि मग तशाच, दाराकडे बघत, उभ्या राहिल्या.

बादली तिथेच ठेवून मी खाली गेले.