जैतुनाच्या पानाची पाठ

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि आलेला इतका वायाही गेला नव्हता. तेव्हा ऐकाच!

आमचं बाळ अशक्त. जिंतूरच्या हकीमसाहेबांनी जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलाची मालिश सांगितली, आणि हैदराबादेहून आणलेलं जैतुनाचं एक रोपही हौसेनं हातात दिलं. झालं! मी सातवी शिकलेली. तेल घरीच काढायचं ठरवून मोकळी. तोवर बाळाला मिशा फुटतील, हे डोक्यात आलंच नाही.

रोप लावलं परसात, शेजारच्या गंगाबाईच्या भिंतीलगत. त्याला आळं, उन्हाचा आडोसा, दृष्ट लागू नये म्हणून काजळाचं बोटसुद्धा! बाळाला जे जे, ते ते त्याला.

दिवाळीआधी गंगाबाईनं भिंतीला चुना दिला. दुसऱ्या दिवशी सहज एक पान उलटलं, तर खालून पांढरं! दुसरं पाहिलं, तेही. अख्खं झाड! माझ्या बाळाचं तेल!

"गंगाबाई, चुना उडवून माझ्या झाडाचा सत्यानाश केलात!"

"आगं माय, चुना उडंल तर वरून उडंल. खालून कसा?"

"वारा खालून आला असेल!"

"मंग वाऱ्यासंगं भांड!" तीही तापली. "आन् उद्यापासून लेकराचं दूध बी त्याच्याकडंच माग!"

बाळ तिच्याच शेळीच्या दुधावर होतं हो! पण मी माघार घेते की काय? रिठ्याचं पाणी केलं आणि फडक्यानं एकेक पान पाठीकडून घासलं. पांढरेपणा हटेना. आणखी घासलं. संध्याकाळी पानं गळायला लागली, तशी हकीमसाहेबांनाच बोलावलं. साक्षीला!

त्यांनी एक पान उचललं. "अगे बेटी, जैतून का पत्ता नीचे से ऐसाच सफेद रहता. कौन घिसा इसकू?"

भिंतीपलीकडे गंगाबाईला नेमका तेव्हाच खोकला आला.

सकाळी बाळ भुकेनं रडायला लागलं. एका काखेत ते, दुसऱ्या हातात रिकामा तांब्या, अशी मी तिच्या दारात उभी. तांब्या तेवढा पुढं केला. तिनं तो भरून दिला, बाळाला घेतलं, त्याचं पाऊल उलटून पाहिलं आणि एकदम गंभीर झाली.

"आगं, हे बी खालून पांढरंच हाय की! घासलं न्हाईस व्हय अजून?"