आत्याचे मेंढरांचे शब्द

आमच्या अ‍ॅग्नेस आत्याने यॉर्कशरच्या डोंगरात पंचेचाळीस वर्षं एकटीने मेंढरं राखली. लग्न केलं नाही. गुडघे पार गेले तेव्हा जमीनमालकाने शेत दुसऱ्याला दिलं, कळप बाजारात गेला, आणि एक ट्रंक नि काठी घेऊन ती माझ्याकडे ससेक्सला, आमच्या शेतावर, राहायला आली. ते एकोणीसशे एकसष्ट साल. लग्न होऊन दक्षिणेत येऊन मला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडची बोली मी अर्धीअधिक विसरले होते.

माझा नवरा पर्सी मनाचा चांगला, पण थट्टेखोर. आत्या आली त्याच आठवड्यात चहाच्या वेळी खिडकीतून बघत म्हणाली, "पर्सी, तुझे हॉग लंगडतायत."

इकडे हॉग म्हणजे डुक्कर. पर्सी चहा टाकून गेला, अकराच्या अकरा डुकरांचे खूर तपासले आणि चिखलाने माखून परत आला.

"आत्याबाई, डुकरं ठणठणीत आहेत. लंगडतोय तो मी!"

"डुकरं कोण म्हणालं? हॉग. वर्षाची मेंढरं."

"त्यांना आम्ही टेग म्हणतो."

"म्हणा."

शनिवारी पबमध्ये त्याने ही गोष्ट रंगवून सांगितली. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी आत्याला विचारलंच, "काय बाई, यंदा डुकरांना लोकर कशी आहे?" ती हसली नाही, चिडलीही नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडी सगळं 'ते जनावर' झालं. लहान, मोठं, गाभण, वांझ, सगळंच. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "विनी, डोंगर चढून एवढी दमत नव्हते गं. इथे एक वाक्य बोलायचं तर आधी चार शब्द गिळायचे."

बहुतेक वेळ मग ती खिडकीशी बसून असायची. विणकाम मांडीवर, डोळे बाहेर.

मार्चमध्ये मेंढ्या व्यायला टेकल्या होत्या. एके दिवशी मी गावात गेले होते आणि पर्सी गोठ्याच्या छपरावर पत्रे ठोकत होता. आत्याला दोन शेतं पलीकडे एक मेंढी उताणी पडलेली दिसली. गाभण मेंढी पाठीवर पडली की तिला पुन्हा उठता येत नाही. पोट फुगतं आणि तासाभरातसुद्धा जीव जातो. आत्या अंगणात धावली. घाबरल्यावर माणूस आपल्याच बोलीत बोलतो, मग मेंढीची गिमर होते आणि उताणीची रिगवेल्ट.

"पर्सी! गिमर रिगवेल्ट झालीय! रिगवेल्ट!"

पर्सीने हातोडी हलवली. "आलोच आत्याबाई! तुम्ही जेवायला बसा!"

ती आणखी दोनदा ओरडली. मग काठी घेऊन स्वतःच निघाली. त्या गुडघ्यांनी दोन कुंपणं कशी ओलांडली, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

पर्सी खाली उतरला तर घरात कोणी नाही. शोधत गेला. आत्या चिखलात बसलेली, हात कोपरापर्यंत लाल, खिशातला चाकू शेजारी. मेंढीचा जीव तिच्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि त्याच क्षणी तिने पोट उघडून कोकरू बाहेर काढलं होतं. ते तिच्या कोटात धडपडत होतं.

पर्सी तिच्यापुढे उकिडवा बसला. "आत्याबाई, मला वाटलं तुम्ही जेवायला हाक मारताय."

"हं."

"मेंढी उलटलीय एवढंच म्हणायचं होतंत."

"म्हणायचं होतं. सुचलं नाही."

त्याने चाकू गवतात पुसून मिटला. मग म्हणाला, "काय म्हणालात तुम्ही, ते परत सांगा. मला पाठ करायचंय."

"आता नको रे. दमले मी. आधी हे धर." तिने कोकरू त्याच्या हातात दिलं, आणि उठता येईना म्हणून दुसरा हात मागितला.

पर्सीने दोघांनाही घरी आणलं. मी आले तेव्हा कोकरू चुलीजवळच्या खोक्यात होतं आणि आत्या बूट न काढताच खुर्चीत बसली होती. मी तिचे हात धुतले. ती लहान मुलासारखी धुवून घेत होती.

कोकराला दर चार तासांनी दूध लागायचं. "मी बघते," आत्या म्हणाली. पर्सीने बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "तुम्ही झोपा. मला फक्त एवढं सांगा, आईविना वाढणाऱ्या या पोराला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"केड."

"बरं. केडचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी आत्या आठ वाजेपर्यंत झोपली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. मी दोनदा दाराशी जाऊन श्वास चालू आहे ना, ते ऐकून आले.