डॉक्टरांचं ब्लडप्रेशर

ताम्पेरेच्या शाळेत मुलांना डॉक्टरकीची ओळख करून द्यायला डॉक्टर वेइयो गेले खरे, पण तासभर घसा कोरडा करूनही वर्गात कुणी चकार शब्द काढेना. अबोल फिनलंडचीच पोरं ती! लोकांना धीर देणारे डॉक्टर स्वतःच घामाघूम झाले.

"पेशंट कॉफी जेवढी सांगतो, त्याच्या दुप्पट पितो," एवढं ज्ञान पाजळून त्यांनी ब्लडप्रेशर मोजायला आपलाच दंड पुढे केला. पिहला नावाच्या मुलीने पट्टा बांधला आणि आकडा पाहून भुवया उंचावल्या.

"रोज कॉफी किती पिता?"

"चार कप," डॉक्टर अपराध्यासारखे पुटपुटले.

"म्हणजे आठ. उद्यापासून बंद."

वर्ग खदाखदा हसला. डॉक्टरांनी आपला कॉफीचा थर्मास पायाने हळूच टेबलाखाली सरकवला. आठ कप तर त्यातच होते.